अ‍ॅलिगेटर स्नॅपर: प्रजाती दोन की तीन, आणि तोवर कासवांचं काय?

प्रश्न थोडक्यात असा आहे. अमेरिकेतलं अ‍ॅलिगेटर स्नॅपिंग टर्टल ही एकच प्रजाती आहे, दोन आहेत की तीन, यावर 2014 पासून वाद चालू आहे. शास्त्रज्ञांचंच एकमत होत नसेल तर संरक्षणाचे कायदे आणि पैसा कशाच्या जोरावर? नावं वाढवायची आणि निधी मिळवायचा, असला तर हा प्रकार नाही? शेवटी एक घरगुती शंकाही आहे: पुण्यातल्या एका मित्राने अशा कासवाचं पिल्लू टाकीत पाळलं आहे, त्याचं पुढे काय करावं?

मी गोड्या पाण्यातल्या कासवांवर काम करतो. फ्लॉरिडा आणि जॉर्जियाच्या नद्यांमध्ये याच कासवांच्या सर्वेक्षणात काही हंगाम जाळी ओढली आहेत, त्यामुळे हा वाद मी कागदावर वाचला तसा चिखलातही पाहिला. वाद खरा आहे. पण लोकांना वाटतं त्यापेक्षा तो फार छोट्या जागेत आहे, आणि संरक्षणाचं बहुतेक काम त्या जागेच्या बाहेर पडून राहिलं आहे.

आधी प्राण्याबद्दल. उत्तर अमेरिकेतलं गोड्या पाण्यातलं हे सगळ्यात मोठं कासव. पाठीवर टोकदार उंचवट्यांच्या तीन रांगा, डोकं अवाढव्य, वरचा जबडा चोचीसारखा खाली वळलेला. नर मोठे होतात, माद्या त्या मानाने बऱ्याच लहान राहतात. मत्स्यालयात वाढलेल्या एका नराचं वजन 113 किलो भरल्याची नोंद आहे. नदीच्या तळाशी, पडलेल्या झाडांच्या खोडांत हे कासव तोंड उघडं ठेवून निश्चल बसतं. जिभेवर गुलाबी किड्यासारखी एक वळवळणारी शेंडी असते, तिला भुलून मासा आत आला की जबडा मिटतो. ही युक्ती पिल्लं जास्त वापरतात. मोठी कासवं मासे, शिंपले, साप, दुसरी कासवं, मेलेलं जनावर, अगदी पाण्यात पडलेली ओकची फळंसुद्धा खातात. नावात ‘स्नॅपिंग’ असलं तरी जाळ्यातून बाहेर काढल्यावर ते बहुधा नुसता आ वासून बसतं. त्या तोंडाजवळ बोट मात्र कोणी नेऊ नये.

वाद समजायला यांच्या सवयींतली एक गोष्ट पुरेशी आहे: हे कासव पाणी सोडत नाही. जमिनीवर येते ती फक्त मादी, तीही वर्षातून एकदा अंडी घालायला, काठापासून थोड्याच अंतरावर. मेक्सिकोच्या आखाताला मिळणाऱ्या नद्या, पूर्वेला फ्लॉरिडातल्या सुवानीपासून पश्चिमेला टेक्सासपर्यंत, हा त्यांचा मुलूख. मिसिसिपीच्या खोऱ्यातून ते वर इलिनॉयपर्यंत पोचले आहेत. एका नदीतून शेजारच्या नदीत जायचं तर वाट दोनच, कोरडी जमीन किंवा आखाताचं खारं पाणी. जमीन तर ते ओलांडतच नाही. खाऱ्या पाण्याचं तितकं ठामपणे सांगता येत नाही, कारण पाठीवर बार्नॅकल (समुद्राच्या पाण्यात वाढणारे, कवच असलेले छोटे जीव) चिकटलेलं अ‍ॅलिगेटर स्नॅपर 1971 मध्ये नोंदवलं गेलं आहे. म्हणजे कधीमधी एखादं खाडीत राहून येतं. हिमयुगांमध्ये समुद्र मागे हटला तेव्हा शेजारच्या काही नद्यांची मुखं एकमेकींत मिळालीही असतील. तरी लाखो वर्षांचा हिशेब धरला तर प्रत्येक खोऱ्यातली कासवं बहुतांशी आपल्याआपल्यातच वाढली.

1999 मध्ये जो रोमन आणि सहकाऱ्यांनी मायटोकॉन्ड्रियातला (म्हणजे फक्त आईकडून येणारा) डीएनए तपासला. तीन गट निघाले: मिसिसिपीसह पश्चिमेकडचा, मधला, फ्लॉरिडातल्या अपालाचिकोला नदीच्या भागातला आणि पूर्वेला सुवानीचा. सुवानीचा गट बाकी दोघांपासून फार लांब होता. त्यानंतर पंधरा वर्षांनी, 2014 मध्ये, ट्रॅव्हिस थॉमस आणि सहकाऱ्यांनी जनुकं, कवट्या, पाठीच्या ढाली आणि जीवाश्म एकत्र मांडून सांगितलं की या तीन प्रजाती आहेत. 1835 पासून चालत आलेलं मॅक्रोकेलिस टेमिंकी हे नाव पश्चिमेकडच्या गटाकडे राहिलं. सुवानीतल्याला मॅक्रोकेलिस सुवानिएन्सिस आणि मधल्याला मॅक्रोकेलिस अपालाचिकोले अशी दोन नवी नावं मिळाली.

सुवानीचं कासव ओळखायला डीएनएची गरज नाही. ढालीच्या मागच्या कडेला, शेपटीच्या वर, एक खाच असते. सुवानीच्या कासवात ती रुंद आणि चंद्रकोरीसारखी असते, इतरांत अरुंद. हातात आलेलं कासव मागच्या बाजूने बघितलं की कळतं. त्यांची वाट फुटून निदान पन्नास लाख वर्षं झाली, असा थॉमस यांच्या गटाचा अंदाज आहे.

मधल्या गटाचं तसं नाही. 2015 मध्ये ब्रायन फोल्ट आणि क्रेग गायर यांनी तीच मापं पुन्हा तपासली. त्यांचा आक्षेप असा की अपालाचिकोलेला वेगळं पाडणारी म्हणून जी लक्षणं दिली आहेत, ती पश्चिमेकडच्या कासवांच्या लक्षणांत मिसळतात. समोर कासव ठेवून, कुठल्या नदीतलं ते न सांगता, नाव विचारलं तर खात्रीने सांगता येणार नाही. जनुकीय अंतरही सुवानीच्या मानाने उथळ. म्हणून तिसरं नाव टेमिंकीतच धरावं, सुवानिएन्सिस मात्र राहू द्यावं, असं त्यांचं म्हणणं. अमेरिकेची फिश अँड वाइल्डलाइफ सर्व्हिस, म्हणजे तिथलं सरकारी वन्यजीव खातं, आज दोन प्रजाती धरूनच काम करते.

आता यात नेमकं काय वादग्रस्त आहे ते पाहा. सुवानीवर मतभेद नाही. मधला गट जनुकांनी थोडा वेगळा आहे, हेही कोणी नाकारत नाही. भांडण एवढंच की त्या वेगळेपणाला प्रजातीचा दर्जा द्यायचा का. माझं मत विचाराल तर मी फोल्ट-गायर यांच्या बाजूचा आहे. खाच आणि कवटी यांवरून मला अपालाचिकोलाची कासवं कधी ठामपणे ओळखता आली नाहीत, आणि त्या नदीवर आयुष्य काढलेल्या माणसांनाही येताना मी पाहिलं नाही. पण उद्या कोणी पूर्ण जीनोम वाचून तिसरी प्रजाती पक्की केली तर मला धक्का बसणार नाही. निसर्गात प्रजाती होण्याची प्रक्रिया चालूच असते आणि आपण मधल्याच एका दिवशी फूटपट्टी घेऊन जातो.

तिसरं नाव नाकारलं म्हणजे त्या कासवांना वाऱ्यावर सोडलं, अशी जी समजूत आहे ती मात्र पार चुकीची. त्याच फोल्ट यांनी 2016 मध्ये सहकाऱ्यांसोबत जॉर्जियातल्या स्प्रिंग क्रीक या ओढ्यातल्या अ‍ॅलिगेटर स्नॅपरांचा जन्म-मृत्यूचा सविस्तर हिशेब मांडला. स्प्रिंग क्रीक अपालाचिकोलाच्याच खोऱ्यात येतो. ज्या कासवांचं नवं नाव त्यांनी खोडलं, त्यांचीच मोजदाद करून ती टिकवायला काय लागेल हे त्यांनी सांगितलं. नावावरचं मत एका खिशात आणि संवर्धन दुसऱ्या खिशात, असंच या क्षेत्रातली बहुतेक माणसं वागतात.

निधीबद्दलच्या शंकेकडे येतो. अमेरिकेच्या धोक्यातल्या प्रजातींविषयीच्या 1973 च्या कायद्यात संरक्षण मिळायला प्रजाती असावंच लागतं असं नाही. उपप्रजाती चालते, आणि कणा असलेल्या प्राण्यांच्या बाबतीत एखादी वेगळी, महत्त्वाची स्थानिक संख्याही चालते. म्हणजे सुवानीला वेगळं नाव मिळालं नसतं तरी तिथल्या कासवांना यादीत घेण्याची वाट कायद्यात होती. नावामुळे कागदपत्र सोपं झालं हे खरं. 2012 मध्ये संरक्षणाची मागणी करणारी याचिका दाखल झाली तेव्हा ही दोन नवी नावं छापलीही गेली नव्हती. सुवानीच्या कासवाला ‘थ्रेटन्ड’ (पुढे नामशेष होण्याच्या धोक्यात येऊ शकणारी) वर्गात घेण्याचा प्रस्ताव 2021 च्या एप्रिलमध्ये आला आणि अंतिम निर्णय 2024 च्या जूनमध्ये झाला. टेमिंकीसाठी तसाच प्रस्ताव 2021 च्या नोव्हेंबरमध्ये मांडला गेला. याचिकेपासून सुवानीच्या निर्णयापर्यंत बारा वर्षं गेली. नाव वाढवून झटपट पैसा काढण्याचा हा धंदा असेल तर फार तोट्यातला म्हणावा लागेल.

सरकारी अभ्यासात सुवानीच्या कासवांचा अंदाज सुमारे 2000 आहे. टेमिंकीचा मधला आकडा 3,61,213, पण त्याची खालची मर्यादा 68 हजारांच्या आसपास आणि वरची 14 लाखांच्या पुढे! एवढा रुंद अंदाज वाचून लोक हसतात. गढूळ पाण्याच्या तळाशी बसणारा प्राणी मोजायचा म्हणजे संध्याकाळी गोल कड्यांच्या जाळ्यांत माशाचे तुकडे टाकायचे, जाळ्याचा एक भाग पाण्यावर राहील असं बांधायचं (नाहीतर आत अडकलेलं कासव बुडून मरतं), आणि सकाळी होडीतून एकेक जाळं उचलत जायचं. शेकडो मैलांच्या नदीत काही डझन जाळी. त्यातून जो आकडा येतो तो असाच येणार.

कासवं कमी का झाली याचं मुख्य कारण आहे सूप. विसाव्या शतकात, विशेषतः साठ आणि सत्तरच्या दशकांत, डबाबंद टर्टल सूप आणि दक्षिणेकडची खानावळी यांसाठी या कासवांची व्यापारी पकड झाली. जॉर्जियातली फ्लिंट नदी त्या धंद्याचं एक मोठं केंद्र होती. पकडणारे साहजिकच मोठी कासवं उचलत, आणि मोठी म्हणजे वयात आलेली. या प्राण्याला वयात यायला साधारण अकरा ते एकवीस वर्षं लागतात. मादी वर्षाला जास्तीत जास्त एकदा अंडी घालते, तीही दर वर्षी घालेलच असं नाही. घरट्यांवर रॅकून टपलेले असतात आणि बाहेरून आलेल्या लाल मुंग्याही. बहुतेक अंडी आणि पिल्लं जातातच. या सगळ्या गणितात एकच भक्कम गोष्ट आहे, ती म्हणजे वाढलेली मादी दशकानुदशकं जगते. तीच काढून घेतली तर बाकी काही केलं तरी भरून येत नाही. दर वर्षी मोजक्या वाढलेल्या माद्या गेल्या तरी एखाद्या नदीतली संख्या दोन पिढ्यांत निम्मी होऊ शकते. ‘थोडी थोडी पकडायला काय हरकत आहे’ हा प्रश्न कोंबड्यांच्या बाबतीत ठीक आहे, या प्राण्याच्या बाबतीत नाही.

जॉर्जियाने 1992 मध्ये पकड बंद केली. वीसेक वर्षांनी फ्लिंटमध्ये पुन्हा जाळी लावली तेव्हा म्हणण्यासारखी वाढ दिसली नाही. वीस वर्षं म्हणजे या कासवाची जेमतेम एक पिढी, त्यामुळे हे अपेक्षितच होतं. लुईझियानाने व्यापारी पकड 2004 मध्ये थांबवली, फ्लॉरिडाने 2009 मध्ये सगळीच. यातली कुठलीही बंदी दोन प्रजाती की तीन याच्या निकालासाठी अडली नव्हती, हे लक्षात घ्या.

आज जास्त घात होतो तो मासेमारीच्या गळांनी. नदीवर आडवी दोरी बांधून तिला अनेक गळ लावायचे, किंवा काठावरच्या फांदीला एकेक गळ लटकवायचा आणि घरी जायचं, अशी तिकडे पद्धत आहे. कासव आमिष गिळतं, दोरीला अडकतं आणि श्वास घ्यायला वर येता न आल्याने बुडतं. दोरी तोडून सुटलं तर गळ पोटात राहतो. एक्स-रे काढलेल्या जंगली कासवांच्या पोटात गळ सापडले आहेत, बाहेरून ती अगदी धडधाकट दिसत होती. उपाय फार अवघड नाहीत: दोऱ्या सोडून जायच्या नाहीत, रोज तपासायच्या, तुटतील किंवा वाकतील असे गळ वापरायचे. पण नदीकाठच्या माणसाची पिढ्यान्‌पिढ्यांची सवय आहे ती, बाहेरून आलेल्या जीवशास्त्रज्ञाने सांगून सुटत नाही. माझ्या अनुभवात तिथल्याच जुन्या मासेमाऱ्याने सांगितलं तर ऐकलं जातं.

दुसरा धोका चोरट्या व्यापाराचा. टेक्सासमधून साठेक मोठी अ‍ॅलिगेटर स्नॅपरं पकडून लुईझियानात नेल्याबद्दल तीन जणांना 2017 मध्ये शिक्षा झाली. चोरीच्या भीतीनेच सुवानीच्या कासवासाठी ‘महत्त्वाचा अधिवास’ म्हणून नकाशे जाहीर करायचे नाहीत असं सरकारने ठरवलं. कायद्यात एरवी ते अपेक्षित असतं, पण नकाशा छापला की तो चोरांच्याही हाती लागतो. नव्या प्रजातीच्या घोषणेलाही ही काळी बाजू आहे. हौशी संग्राहकांना दुर्मीळ नाव हवं असतं, आणि नुकतंच नाव मिळालेल्या, एकाच नदीत राहणाऱ्या प्राण्याची किंमत लगेच वाढते. नाव देणाऱ्यांनी ते देऊ नये असं मी म्हणत नाही, पण नदीचा कुठला कोपरा ते छापू नये.

मग तो वाद कुठे महत्त्वाचा ठरतो? कासवं सोडताना. तिथे त्याच्याकडे दुर्लक्ष केलं तर खरंच नुकसान होतं. ओक्लाहोमात टिशोमिंगो इथल्या सरकारी मत्स्यबीज केंद्रात या कासवांची पिल्लं काही वर्षं वाढवून, शत्रूंच्या तोंडात मावणार नाहीत एवढी झाली की नद्यांत सोडतात. इलिनॉयसारख्या राज्यांत जिथे ती जवळजवळ दिसेनाशी झाली तिथेही सोडली आहेत. हा सगळा भाग मिसिसिपीच्या गटाचा, म्हणून ते चालतं. तीच पिल्लं कोणी सुवानीत सोडली तर? दोघांची वीण होऊन पन्नास लाख वर्षांचं वेगळेपण काही दशकांत पुसलं जाऊ शकतं, आणि एकदा मिसळलेलं परत निवडता येत नाही. अपालाचिकोलाबद्दल म्हणूनच माझा आग्रह आहे: तिला प्रजाती म्हणा न म्हणा, बाहेरची कासवं तिथे सोडू नका. दर्ज्याचा निकाल लागायचा तेव्हा लागेल, पण आज मिसळलंत तर निकाल लावायला काही शिल्लकच राहणार नाही. टेक्सासच्या चोरीतली जी कासवं परत मिळाली ती आधी लुईझियानातल्या एका मत्स्यबीज केंद्रात सांभाळली आणि मग पूर्व टेक्सासमध्येच नेऊन सोडली. जवळच्या कुठल्याही तळ्यात सोडून मोकळं होणं केव्हाही स्वस्त पडलं असतं.

हा मुद्दा आपल्याकडे जास्तच लागू होतो. तस्करांकडून पकडलेली स्टार कासवं वनखात्याच्या ताब्यात येतात आणि ती मूळ कुठल्या भागातली हे न कळताच कुठेतरी सोडली जातात, असं वारंवार घडतं. वायव्येकडची आणि दक्षिणेकडची स्टार कासवं जनुकांनी वेगळी आहेत. त्यांना कोणी दोन प्रजाती म्हणत नाही म्हणून ती एकमेकांत मिसळणं निरुपद्रवी ठरत नाही.

आणखी एक धागा आहे. 2022 मध्ये पनामात साइट्स कराराची, म्हणजे वन्यप्राणी आणि वनस्पतींच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रण ठेवणाऱ्या कराराची, बैठक झाली. त्याच्या तीन परिशिष्टांत परिशिष्ट एक सगळ्यात कडक. अ‍ॅलिगेटर स्नॅपर 2006 पासून कराराच्या परिशिष्ट तीनमध्ये होतं, ते तिथे परिशिष्ट दोनमध्ये गेलं. त्याच बैठकीत भारताच्या प्रस्तावावरून लीथचं मऊ पाठीचं कासव परिशिष्ट एकमध्ये घेतलं. या कासवाचं शास्त्रीय वर्णन 1872 चं आणि ते ज्या नमुन्यावरून झालं तो पुण्याचा. भीमा, कृष्णा, गोदावरीच्या खोऱ्यांत ते आजही आहे, आणि त्याच्यावर होणारं संशोधन स्नॅपरच्या तुलनेत नगण्य आहे. वेगवेगळ्या खोऱ्यांतली लीथची कासवं एकमेकांपासून किती वेगळी आहेत हे कोणीतरी नीट तपासायला हवं, धरणांनी आणि बाजाराने प्रश्नच संपवून टाकण्याआधी. जीवशास्त्राचे विद्यार्थी हे वाचत असतील तर विषय मोकळा आहे.

आता मित्राचं पिल्लू. साइट्सच्या याद्यांतले परदेशी प्राणी बाळगणाऱ्यांनी नोंदणी करणं आपल्या वन्यजीव कायद्याच्या 2022 च्या दुरुस्तीनंतर बंधनकारक आहे. 2024 च्या नियमांनुसार ती ‘परिवेश’ या सरकारी पोर्टलवर करायची. कागद नसतील तर वनखात्याच्या वन्यजीव विभागाशी आणि त्यातल्या जाणकार वकिलाशी बोलूनच पुढचं पाऊल टाकावं, गप्प बसून प्रश्न मिटत नाही. टाकीचं म्हणाल तर आज तळहाताएवढं असलेलं पिल्लू नर निघालं तर पन्नास किलोंच्या पुढे जाऊ शकतं आणि कदाचित मित्रापेक्षा जास्त जगेल. घरात त्याला पुरेल अशी जागा बांधणं जवळपास कोणालाच जमत नाही. उचलताना शेपटीला धरू नये, त्याने मणक्याला इजा होते. एक हात डोक्याच्या लगेच मागे ढालीच्या कडेला आणि दुसरा शेपटीच्या वर. आणि काहीही झालं तरी ते मुळा-मुठेत, पाषाण तलावात किंवा कुठल्या देवळाच्या तळ्यात सोडायचं नाही. लाल कानाच्या अमेरिकन कासवांनी आपले तलाव भरायला सुरुवात झालीच आहे, ती सगळी अशीच कोणाच्या तरी टाकीतून आलेली आहेत.